सार्डिनच्या डब्याचा काटा

घड्याळ मुळातच तिरकं.
एका अंगानं फुगलेलं, दुसऱ्या अंगानं चेपलेलं,
शिडात वारा भरावा तसं.
जिनिव्हात कुणीतरी एकोणसाठ साली कागदावर काढलं ते,
आकडे न घालता,
आणि म्हणे, दोनशेच घडवली.
त्यातलं एक हळदोण्याला कपाटात होतं,
नाताळच्या टेबलक्लॉथखाली.

बंगळूरचा माणूस आला शुक्रवारी, भर बाजाराच्या दिवशी.
बाहेर म्हापसा: चोरिसांच्या माळा, हरमलच्या मिरच्या,
आत माझ्या टेबलावर त्याचे पांढरे हातमोजे.
भिंगही स्वतःचंच आणलं होतं त्यानं.
माझं बरं होतं. विचारलं नाही.
बराच वेळ बघत राहिला, बोलला नाही,
मग म्हणाला, सेकंदकाटा ओरिजिनल नाही.

नाहीच.
त्र्याहत्तर साली कायतान फेर्नांदिश
बोटीवरून उतरून घरी जायच्या आधी माझ्याकडे आला.
इंजिनरूममध्ये काच फुटली होती,
काटा कुठे तरी मोझांबिकच्या पाण्यात.
असला काटा म्हापशात मिळणार कुठे?
मी सार्डिनचा रिकामा डबा कापला,
कल्हई खरवडली, कानशीनं घासत राहिलो तीन रात्री,
केसाएवढा झाला तेव्हा
स्पिरिटच्या दिव्यावर धरून निळा केला.
तरी जरा जडच झाला.
पस्तिसावरून वर चढताना दम घ्यायचा.
कायतान म्हणायचा, असू दे,
मीही जिना असाच चढतो.

काढून टाका, म्हणाला माणूस,
खरा मी बसवून घेईन. किंमत मात्र निम्मी.
निम्मी म्हणजे किती ते त्यानं कागदावर लिहिलं.
आनाक्लेतानं चष्मा पुसला,
शून्यं बोटानं मोजली,
चर्चकडची कौलं बदलून
नातवाचं लिस्बनचं तिकीट निघेल एवढी होती.
मग माझ्याकडे बघून मान हलवली.

हात हल्ली कापतो माझा.
त्या वेळी कापला नाही.
काटा सुटून आला
आणि घड्याळ चालूच राहिलं, तसं ते चालतंच.

तो कचरा मला दे, ती म्हणाली.
लॉटरीच्या जुन्या तिकिटात पुडी बांधली,
पर्समध्ये टाकली, चेन दोनदा ओढून बघितली.
हळदोण्याची बस सव्वाची.

काढायचे दोनशे मी त्या माणसाकडून घेतले.
लावायचे त्र्याहत्तरात घेतले नव्हते.
डबा कायताननंच आणला होता,
आतले मासे आम्ही दोघांनी
गरम पोयांबरोबर खाल्ले होते,
इथेच, याच टेबलावर,
तेल पुसायला अर्धा दिवस गेला.