गादी

सोळा गेजचा पत्रा घ्या, मी सांगतो, अठराचा नको.
अठराचा हलका, दिसायला झकास,
दुसऱ्या रविवारी त्याचा पापड होतो.

भोसरीत एकवीस वर्षं प्रेसवर होतो.
गाड्यांची दारं दाबली. किती, ते कंपनीला माहीत.
गेलेलं दार कधी परत आलं नाही.

ढाली येतात.
सोमवारी सकाळी धायरीच्या शेडवर,
स्कूटीच्या पायाशी, पोत्यात गुंडाळून,
आजारी जनावर आणावं तशा.

पत्रा वाळूच्या थैलीवर ठेवायचा
आणि लाकडी मोगरीनं कडेकडून आत यायचं, गोल गोल.
घाई केली की मध्ये फुगा धरतो.
फुगा ठोकून बसत नाही,
जागा बदलतो फक्त.
(हे मला घरातही लागू पडलेलं आहे, असो.)

तांबट आळीतून चार फुलं आणतो पितळेची.
लोक म्हणतात, वा, नक्षी!
नक्षी नाही ती. फुलाच्या पोटात
मुठीच्या कड्यांचे रिव्हेट लपलेत,
फूल निसटलं तर ढाल हातातून जाते.

काठाला सायकलची जुनी ट्यूब, उभी चिरून,
वरून म्हशीचं कातडं, मेणदोऱ्याचा दुहेरी टाका.
काठ उघडा ठेवायचा नाही.
खेळातल्या तलवारी बोथट असतात,
बोटं खरीच असतात.
माझी दोन भोसरीला आहेत.

मध्ये एक वरातवाला आला होता,
म्हणाला, नवरदेवाचं तोंड दिसेल अशी चकाकती द्या.
दिली. अठराच्या पत्र्यात दिली.
तिला काय होणार आहे?

आज काळोख्यांची रेवती आली,
आठवडाभर पतपेढीत, रविवारी आखाड्यात.
ढाल उलगडली. वरच्या काठाला घावांची दाटी,
मधला पत्रा जवळजवळ कोरा.
म्हटलं, उशिरा उचलतेस.
म्हणाली, उशिरा नाही काका, कमी उचलते.
वर धरली की समोरचं दिसत नाही.
मला येताना बघायचं असतं.

मी काही बोललो नाही. ढाल उलटी केली.

मागची बाजू कुणी बघत नाही.
तिथे मुठीखाली एक गादी असते, वीतभर, चिंध्या आणि कापसाची.
घाव पत्र्यावर बसतो, उतरतो इथे.
तिच्या गादीला चार खड्डे पडले होते,
चार पेरांचे,
आणि घामाचं मीठ, ओहोटीच्या रेघांसारखं,
एकाखाली एक.

पोचे काढू का, विचारलं.
राहू देत म्हणाली, तेवढी गादी बघा.

कपाटात प्रेसवरचे माझे हातमोजे आहेत.
अपघातानंतर तीन वर्षं वापरले,
तळवा झिजून कागद झालाय,
पण उजव्याची दोन बोटं
जशी दुकानातून आली तशी.
तीच कापली. उसवून सपाट केली,
खाली नवा कापूस दाबला, टाके घातले.

तिनं मूठ धरून पाहिली, दोनदा उघडली, मिटली.
मऊ आहे, म्हणाली. कुठलं कातडं?

म्हटलं, जुनंच आहे,
वापरलेलं नाही.

रिव्हेटचे साठ रुपये घेतले.