काना, मात्रा

कुह्मोच्या शाळेत, जेवणघरात, सभा भरली तेव्हा
बाहेर उणे चौदा
आणि आत गुरुवारच्या वाटाण्याच्या सुपाचा वास.

त्यांच्या भाषेत तो नाही, ती नाही.
हॅन, एवढा एकच शब्द सगळ्यांना पुरतो,
पाद्र्याला, सुईणीला, पळून गेलेल्या नवऱ्याला.
सर्वनामावरून म्हणूनच कुणी भांडलं नाही.
भांडण रकान्यांचं होतं.
निकालाच्या कागदावर रकाने दोनच
आणि स्कीच्या शर्यतीला विएनोचं नाव आलेलं.

महासंघाचा माणूस पत्र वाचत होता:
रक्तात अमुक मात्रा, अमुक महिने.
दर दशांश चिन्हापाशी त्याचा चष्मा घसरायचा.

तुइरे उठली. हातात लेकीची लोकरीची टोपी.
"चार हिवाळे माझी हेन्रीका पहाटे पाचला उठली.
इथं पहाटे पाचला काय असतं
ते तुम्हाला सांगायला नको.
विएनोचा मला राग नाही, आमच्याच ताटात जेवलेलं पोर.
पण हेन्रीकाला मी काय सांगू?
हाडांची लांबी लिहिली आहे का त्या पत्रात?"

टाळ्या नाहीत. हुर्योही नाही.
सुपावर साय धरली.

विएनो दाराशी, ओले हातमोजे हीटरवर पसरून.
पाहा, इथं मी क्रियापद गाळलं.
मराठीत नुसतं बसता येत नाही,
आधी ठरवावं लागतं, बसला की बसली.
इथवर मी अशीच आडवाट काढली:
विएनोने ऐकलं, विएनोला घाम फुटला,
विएनोचं मन उठलं.
ने, ला, चं, प्रत्ययांच्या आड.
लपणं नक्की कुणाचं होतं?

उर्पो एकतीस वर्षं घड्याळ धरतो.
सात वर्षांखालच्या शर्यतीत
विएनोला पहिला झेंडा त्यानेच दाखवला.
तेव्हा रकाने नव्हते.
पोचेल त्या पोराला पेलाभर बेरीचा रस.
त्याला मत विचारलं.
म्हणाला, "मला सेकंद कळतात.
न्याय सेकंदात मोजत नाहीत म्हणे.
दुसरं काही मोजायला माझ्या खिशात नाही."

ठराव पुढे ढकलला.
शनिवारी विएनोची वेळ लिहायची, क्रमांक नाही.

पाच किलोमीटर.
पंधरा एकोणचाळीस, विएनो.
पंधरा बेचाळीस, हेन्रीका.
तीन सेकंद.
यात पहाटा किती, हाड किती, मेण किती,
गोळ्या किती,
आरशाकडे पाठ करून काढलेली वर्षं किती?
उर्पोने अंगठ्याने घड्याळाची काच पुसली,
पुन्हा पुसली.
मग दोन रकान्यांमधल्या रेघेवर
पेन्सिलीने लिहिलं.
थंडीत शाई गोठते, म्हणाला.
पेन त्याच्या आतल्या खिशात होतं, छातीशी, ऊबेत.

रेषेपलीकडे बर्फात आडवं पडून
विएनोने म्हटलं, "वॅस्युत्तॅ."
या शब्दात पुरुष नाही, बाई नाही,
मीसुद्धा नाही.
नुसता शीण, बेवारशी.
मला मात्र वारस द्यावा लागतो.
हाताच्या सवयीने लिहिलं, दमलो.
मग थांबून विचारलं.
विएनो हसली, खोकत, डोळे मिटून.
"गुरुवारी दाराशीच होते की मी.
तेव्हा का नाही विचारलंस?"

काना खोडला.
मात्रा आधीपासूनच तिथं होती.
दमले.

हेन्रीकाही तेच म्हणाली,
काठ्यांवर वाकून, नाकाचं पाणी बाहीला पुसत.
तिला मी विचारलं नव्हतं.
तिचा काना माझ्या हाताने कधी लिहिलाच नव्हता.

तुइरे टोपी घेऊन बर्फातून धडपडत आली.
टोपी एकच होती.