कुत्रा नाही म्हणाला

अत-बाशीच्या शाळेत, भूगोलाच्या वर्गात,
नकाशाखाली बाक जोडून खाट केली.
वीज येत-जात होती, मशीन बॅटरीवर.
जेल फार गार, म्हणून बाटली मी काखेत धरलेली,
अंडं उबवावं तशी.

तिसरीतली पोरं. स्वेटर वर. श्वास घे. धर.
सोळा पोटं स्वच्छ.
सतरावा एर्मेक. गुदगुल्या होतात म्हणून हसला,
आणि पडद्यावर काळीज हललं,
त्याच्यासोबत एक काळं, गोल, पाण्याचं काहीतरी.

साधं पाणी असेल, मी स्वतःला म्हटलं.
तिरका धरला हात. कडेला दोन रेघा,
आतली सुटलेली, तरंगणारी,
चहात साय तरंगते तशी.
चार पूर्णांक तीन. आठ वर्षांच्या पोटात
जर्दाळूएवढं, न दुखणारं.
सुई लावायची नाही, हे हाताला पाठ आहे.

मेंढ्या किती? चाळीस.
कापतं कोण? आजोबा. पाहुणे आले की.
आतडी, काळीज, खराब निघालेलं?
गप्प.
घरी कुत्रा?
नाही.

स्वेटरवर पांढरे केस होते. आखूड, राठ.
मेंढीचे नव्हेत, एवढं मला कळतं.
वही मागे उलटली: तेच आडनाव,
ऐचुरोक, बहीण, मागच्या वर्षी,
नारिनला ऑपरेशन.
आणि डॉक्टर बुरुलकानच्या अक्षरात, समासात, पेन्सिलीनं:
*बापानं कुत्रा गोळी घालून मारला.*

आमच्या बोलीत भावंडाला 'बोऊर' म्हणतात,
म्हणजे काळीजच.
ते कुठे दुखतं, मशीन दाखवत नाही.

मी जेल पुसलं. पुसायला कागद अपुरा पडला,
माझ्या बाहीनं पुसलं.
म्हटलं, तुला गोळ्या मिळतील, महिनोन्महिने, कडू.
आणि जो कुत्रा तुमच्याकडे नाहीच,
त्यालाही महिन्याला एक. मांसात लपवून.
खराब काळीज त्याला टाकायचं नाही, पुरायचं. खोल.
आजोबांना मी सांगेन. वडिलांनाही मीच सांगेन.

तो नकाशाकडे बघत राहिला.
बाहेर घंटा झाली, अठरावी पोरगी दारात चुळबुळत होती.

कितीचा आहे, मी विचारलं, तो नसलेला?

चार महिन्यांचा, तो म्हणाला.
मग घाईनं: तो चावत नाही.