पोटात ठेवायचं

नोकरी लागली तेव्हा सही करून दिली होती:
इथं ऐकलेलं सगळं पोटात ठेवीन.
पोटाला कुणी विचारलं नव्हतं.

कुओपिओ, नोव्हेंबर. दुपारी तीनलाच खिडकीत रात्र.
पाच स्क्रीन, एक हेडफोन, चाकांची खुर्ची.
चाकं आहेत, जायचं मात्र कुठंच नसतं.
फोन वाजतो. एक पोरगा सांगतो,
बाबा बर्फाखाली गेला.
माझ्या मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या
दोन पिवळट गाठी
माझ्याआधी फोन उचलतात.
पळ, म्हणतात.
रक्त मांड्यांत उतरतं, हात गार,
आतड्याला हुकूम जातो: हातातलं टाक.

मी म्हणते, सपाट आवाजात,
"पालथा पड. पोटावर सरकत मागं ये, किनाऱ्याकडे.
नाव काय तुझं?"
वेइक्का.
"वेइक्का, मी इथंच आहे."
(खरंच, मी इथंच असते. तेच तर.)
अकरा मिनिटं. मग गाडीचा भोंगा, मग लाइन तुटते.
शेवट आम्हाला कुणी कळवत नाही.

मी हात वर करते, शाळेतल्यासारखा.
सुपरवायझर मान हलवतो.
संडास बावीस पावलांवर. मोजलीत.

कॅमेरा घालून पाहिलं. डॉक्टरीण म्हणाल्या,
आतडं छान आहे, गुलाबी.
नाव आहे म्हणे याला: चिडकं आतडं.
जणू घरातलं धाकटं, ज्याच्यापुढं कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.
ताण कमी करा, म्हणाल्या.
कुणाचा, ते विचारायचं राहिलं.

चार नळ्या दिल्या. कापसाचा बोळा चघळायचा,
थुंकीतलं कोर्टिसोल मोजतात:
उठल्यावर, अर्ध्या तासानं, दुपारी, निजताना.
मी निजते सकाळी नऊला.
फॉर्मवर त्यासाठी चौकोन नव्हता.
चौथी नळी भरताना वेइक्का आठवला.
लॅबला कळेल का,
यातलं किती माझं?

ईसाल्मीहून आई एसटीनं, म्हणजे इथल्या बसनं,
राईची भाकरी पाठवते. काळी, आंबूस, तव्याएवढी.
राई माझ्या बंद यादीत पहिली.
फ्रीजरमध्ये नऊ झाल्या.
खाल्लीस का, विचारते. खाल्ली, म्हणते.
तेही पोटातच ठेवते.
भाकरी तेवढी पोटात नाही.

आज ड्यूटी संपली, आणि पार्किंगमधून
मी गाडीकडे न जाता पळत सुटले.
जड बूट, कोट उघडा, तळ्याच्या कडेकडेनं,
मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही.
कुत्रं घेऊन निघालेली एक बाई बाजूला झाली:
"काय झालं? कुणाला बोलावू?"
मला हसू आलं. बोलावणार कुणाला,
तो फोन मीच तर उचलते.
"काही नाही," म्हटलं, "जरा उशीर झालाय."

बंदरावरच्या संडासाला हिवाळ्याचं कुलूप होतं.
मी समोर उभी राहिले, धापा टाकत.
वाट पाहिली.
पोट काही बोललं नाही.