पाकळीचा ल

लग्नपत्रिकांचे दिवस, आणि मशीन सकाळी
नवे कपडे घालून उभं.
कडा गोल, खिडक्या दुधी काचेच्या,
खालची पट्टी वर गेलेली, कुणाला न विचारता,
आपण गावाला गेल्यावर घरमालकानं मोरी हलवावी तशी.
आधी म्हणालं, या.
मग, मोबाईल नंबर द्या. मग जन्मतारीख.
मग एक निळं, तळहाताएवढं बटण: हो.
आणि त्याच्याखाली राखेच्या रंगात
मुंगीएवढं: नंतर.

मी मुंगी दाबली.

खेतवाडीतल्या माझ्या या गाळ्यात
हे मशीन आलं त्याला सात वर्षं झाली.
लॅमिंग्टन रोड, मुनाफ दळवीचा पोटमाळा,
चार हजार रुपये, की-बोर्ड फुकट.
त्यानं त्यात लिनक्स घातली
तेव्हा पडद्यानं विचारलं होतं, तुमचं नाव?
एकच रकाना.
वडिलांचं नाही, नवऱ्याचं नाही,
आडनावापुढे लाल चांदणी नाही.
रेशन कार्डावर, बँकेत, गॅसच्या पुस्तकात
मी तीन वेगळ्या बायका आहे.
इथे लिहिलं, कुंदा.
ते म्हणालं, बरं.

मशीनलाही नाव लागतं, मुनाफ म्हणाला.
मी म्हटलं, खिळा.
बाबा गिरगावात कंपोझिटर होते,
जेवताना डाव्या हाताने भाकरी मोडायचे,
उजव्याला शिसं.

तर आज खिळ्यावर पागधऱ्यांची पत्रिका उघडली
आणि चि. सौ. कां. शलाका
अर्धी परकी होऊन बसलेली.
श वेगळाच. ल काठी टेकून उभा.
दांडीचा ल.
तसा वाईट नाही तो. बनारसला तोच खरा,
तिथल्या पोरांच्या पाटीवर त्याचं घर आहे.
माझ्या पाटीवरच्या लला काठी नव्हती,
देठाला लटकलेल्या दोन पाकळ्या होत्या,
बाबा तो खणातून न बघता उचलायचे.
(तुम्ही हे वाचताय तिथे कुठला दिसतोय,
मला काय माहीत.)

गिऱ्हाइकाला कळलंही नसतं.
पागधऱ्यांच्या मामांनी प्रूफ बघून
फक्त मुहूर्ताची वेळ तपासली असती.

मुनाफ आता कौशाला राहतो, गुडघे गेले.
फोनवर म्हणाला, फाइल उघड की.
कुलूप नाहीये तिला.
मी म्हटलं, बिघडलं तर?
बिघडलं तर तुझंच बिघडेल, घाबरतेस काय.

शटर अर्धं ओढून बसले.
फाइल म्हणजे नुसता मजकूर, काळ्यावर पांढरा,
कुणीतरी ओळीओळीला समजूत घातलेली:
इथे हे का लिहिलं, हे काढू नका, हे हवं तर बदला.
हवं तर बदला.
असं मला आजवर कुठल्या खिडकीवर
कुणी म्हटलेलं नाही.
भाषेच्या ओळीत एच आय होतं.
चुकून असेल, घाईत असेल,
देवनागरी म्हटल्यावर एकच घर आठवलं असेल कुणाला.
मी खोडलं. एम आर.
बंद केलं, चालू केलं,
तेवढ्यात चहा गार झाला.

आणि शलाका आली, पाकळ्यांसकट.
पट्टीही ओढून खाली घेतली मग,
लगे हाथ.

रात्री मुनाफचा मेसेज: पाठव तुझी फाइल,
सगळ्यांसाठी आत घालतो.
दांडीचा काढून टाकू का कायमचा?

हातात कात्री होती, पत्रिकांच्या कडा कापत होते.
लिहिलं, नको रे.
तो राहू दे, ज्याचा त्याला.
फक्त विचारायला लाव,
सुरुवातीलाच, मोठ्या अक्षरांत,
आणि दोन्ही बटणं
एकाच मापाची कर.

नाव काय टाकू, म्हणाला. पूर्ण नाव लागेल?

खालून पाण्याचा टँकर गेला, गाळा थरथरला.
कुंदा, मी लिहिलं. खेतवाडी.
मग खेतवाडी खोडलं.
मग परत लिहिलं.