कोमट पाणी

रविवारी प्रार्थना सुटली की
आर्कान्सातल्या या चर्चच्या आवारात
मी घडीचं टेबल मांडते.
सुया, पट्ट्या, कापूस, वही,
दोन पंचे, एक खोलगट भांडं
आणि घरून आणलेला मोठा थर्मास.

थर्मासचं बिल इस्पितळानं दोनदा परत पाठवलं :
रक्तातली साखर बघायला गरम पाणी कशाला?
मी खाली लिहिलं, एकदा येऊन बघा.
कुणी आलं नाही.

कशाला, ते एमलेनचे हात सांगतात.
रात्रभर ती कोंबड्यांच्या कारखान्यात उभी होती,
बर्फगार मांस हाडापासून सोडवत.
किती सोडवलं, मोजत नाही म्हणते,
मोजलं की हात थांबतात.
तिथून तशीच इथे, केसांत फूल खोवून.
बोटं अशी बधिर
की सुई टोचली तरी थेंब वर येत नाही.
इस्पितळातल्या नव्या मुलीनं चार बोटं टोचून पाहिली
आणि फाइलवर लिहिलं :
रुग्ण सहकार्य करत नाही.

म्हणून आधी पाणी.
दोन्ही हात मनगटापर्यंत भांड्यात.
घाई नाही.
पाण्यात हात असले की माणसं बोलतात.

जोर्लांग बोलतो नीरफणसाबद्दल,
निखाऱ्यावर भाजलेल्या, साल काळी पडलेल्या.
आहाराच्या तक्त्यात ब्रोकोली आहे,
नीरफणस नाही.
भात बंद करा, असं मोठ्या अक्षरांत आहे.
भात आमचा कधी होता?
जहाजांनी आणून उतरवला तो,
पोत्यांनी, डब्यांसकट,
आणि आता तोच आमची वाईट सवय.

लितिया फारसं बोलत नाही.
तिच्या फॉर्मवर विचारलंय :
कुटुंबात कर्करोग? होय की नाही.
तिच्या आईच्या बेटावर एका सकाळी
पांढरी राख पडली होती. पोरं तिच्यात खेळली.
एवढ्याशा चौकोनात
मी एक बेट कसं बसवू?
समासात लिहीत गेले.
समास संपला तेव्हा कागद उलटा केला.

एमलेनच्या फाइलवर आणखी एक ओळ होती,
औषध नियमित घेत नाही.
ती मी खोडली. लिहिलं :
घेते. अर्धं घेते.
अर्धं भावजयीला देते, तिच्याकडे कार्ड नाही.
डॉक्टरांचा फोन आला,
वैतागलेले, पण वाईट नाहीत ते :
हे मी कुठल्या रकान्यात घालू?
मी म्हटलं, भावजयीच्या नावाची फाइल उघडा.

आमच्यात एकट्यानं जेवणाऱ्याला नावं ठेवतात.
मग गोळी तरी
एकटीनं कशी गिळावी?

साडेबारा वाजले. पाणी निवलं.
सत्तावीस माणसं झाली. तिघांना उद्याच न्यायला हवं,
एकाला आत्ता, माझ्याच गाडीतून.
मी पट्ट्या आवरायला घेतल्या
तर एमलेननं माझं मनगट धरलं.

तुझं?

माझं काय, मी नर्स आहे.
ती हसली. कारखान्यातल्या मुकादमावर हसत असावी तशी.
थर्मास उपडा करून शेवटचं गरम पाणी
तिनं भांड्यात ओतलं
आणि माझे हात त्यात दाबून धरले,
तिच्या हातांखाली, जखमांच्या पट्ट्यांखाली.

मला आठवेना
माझ्या हातांना शेवटचं कुणी असं धरलं होतं.
आई गेली ती याच दुखण्यानं, पाय गुडघ्यापासून नसलेली.
तिची फाइल मी वाचलेली आहे.
सहकार्य करत नाही, असं तिच्यावरही होतं.

एमलेननं सुई टोचली, जरा जोरातच.
थेंब लगेच आला.
यंत्र पाच सेकंद मोजत राहिलं.
आकडा पाहून
ती काहीच बोलली नाही.
वही ओढून घेतली,
अठ्ठाविसाव्या ओळीवर
मोठ्या, वाकड्या अक्षरांत माझं नाव लिहिलं,
आणि जोर्लांगला हाक मारली :
गाडी तू चालव.