अर्धा गुण

चोवीसच्या रात्री, उपासना आटोपल्यावर,
शामुवेल कंपाउंडरनं कोटातून काढले
औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यांवर लिहिलेले प्रश्न.
गुण मांडायला मी. फळा काळा, खडू ओला.

मागं सुबाभळीच्या फांदीवर बर्फ:
दुसऱ्या वेच्याचा कापूस, सरकीसकट.
दर वर्षी आमचा बर्फ उंदीर खातात.

"नाताळ शब्द कुठला?"
"मराठी!" पोरं एकदम.
चूक. पोर्तुगीज. गलबतातून उतरला
पाव, चावी, बटाट्यासोबत.
"बटाटा?" मार्थामावशी म्हणाली, "आपल्याकडं त आलू हाये."
म्हणजे बटाटा धामणखेडपर्यंत पोचलाच नाही,
नाताळ तेवढा पोचला.

"मागी लोक किती?"
"तीन!" प्रभुदास तायडे उभाच राहिला.
नाटकात तिसरा मागी तोच, बापाचा फेटा बांधून.
चूक. भेटी तीन होत्या, सोनं, ऊद, गंधरस.
माणसांचा आकडा लिहिलेलाच नाही.
प्रभुदास बराच वेळ बसला नाही.

"जन्माची तारीख?"
तीही लिहिलेली नाही.
आर्मेनियात म्हणे सहा जानेवारीला करतात.
"मंग आज आपन काहून जागून रायलो?"
कंपाउंडर चष्मा पुसत राहिला.
पुठ्ठ्यावर हा प्रश्न नव्हता.

"विलायतेत एकदा नाताळावर बंदी आली. कोणी घातली?"
कोणी राजा म्हणालं, कोणी सैतान.
घातली होती भाविकांनीच,
पवित्र शास्त्रात हा सण नाही म्हणून.
पाळकसाहेब खोकले.

"मोज्यात संत्रं का घालतात?"
तीन बहिणी, हुंड्याला पैसा नाही,
रात्री कोणी खिडकीतून सोनं टाकलं,
ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं, अशी दंतकथा.
संत्रं म्हणजे ते सोनं.
मोजे आमच्यात फक्त पाळकसाहेबांना.
संत्री मात्र टोपलंभर, वरुडाहून आलेली, बक्षिसाला.

शेवटचा: "बाळाजवळ जनावरं कोणती होती?"
बैल! गाढव! उंट!
चूक, चूक, चूक. एकाचंही नाव नाही.
नुसती गव्हाण लिहिली आहे.

तेव्हा दारातून सोनबा हटकर बोलला.
शेजारच्या वावरात त्याची मेंढरं बसवलेली,
उजेड पाहून आला होता,
आमच्या कुठल्याच गटात नव्हता.
"गव्हान हाये न? मंग ढोरं हायेतच.
रिकामी गव्हान कोन ठेवते?"

कंपाउंडरनं पुठ्ठा पुन्हा वाचला.
उलटून पाहिला. मागं छापलं होतं:
लहान मुलांपासून दूर ठेवा.
"अर्धा गुण," तो म्हणाला.
मी फळ्याच्या कोपऱ्यात मांडला, नाव न लिहिता.

अर्ध्या गुणाला अख्खं संत्रं.
सोनबानं ते घोंगडीत खोचलं.
"कोल्हं फिरते रातचं," म्हणाला, गेला.

सकाळी मी फळा पुसला.
सगळं गेलं, कोपऱ्यातला अर्धा तेवढा राहिला.
खडू ओला होता ना.